एमआरआयमध्ये गाठ वाढलेली दिसते, पण ती खरंच वाढलीय का?

ज्यांना कानात इयरफोन घालून ऐकण्यापेक्षा लोकलमध्ये उभ्याउभ्या वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलताना येणारे ‘अं’, ‘म्हणजे बघा’ शक्य तितके काढलेत, काही राहिले असतील. आणि नेहमीचं सांगणं आधीच सांगतो: मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. इथे तुम्हाला यंत्र काय मोजतं आणि त्या आकड्याचा अर्थ कसा लावतात हे कळेल. उपचाराचा निर्णय तुमच्या डॉक्टरांबरोबरच घ्यायचा.

००:४० – रिपोर्टमधली ती एक ओळ

समजा, घरातल्या कुणालातरी मेंदूत गाठ निघाली. ऑपरेशन झालं. मग सहा आठवडे सोमवार ते शुक्रवार रोज रेडिएशन. केस गेले, थकवा आला, पण तेही पार पडलं. सगळ्यांनी जरा श्वास घेतला. मग पहिला एमआरआय होतो. रिपोर्टचा फोटो फॅमिली ग्रुपवर येतो आणि त्यात लिहिलेलं असतं की कॉन्ट्रास्ट घेणारा भाग आधीपेक्षा मोठा दिसतोय, भोवती सूज वाढलीय. गाठ पुन्हा वाढतेय किंवा हा रेडिएशनचा परिणाम आहे, कृपया इतर तपासण्यांशी जुळवून बघावं.

घरातल्यांना यातलं फक्त ‘मोठा दिसतोय’ एवढंच ऐकू येतं. आणि मग रात्रभर गूगल.

आजचा भाग त्या ‘किंवा’बद्दल आहे. कारण त्याच्या दोन बाजूंना दोन अगदी वेगळे रस्ते आहेत. गाठ खरंच वाढत असेल तर चालू औषध काम करत नाहीये, दुसरं काहीतरी करायला हवं, आणि वेळ दवडून चालणार नाही. पण तो रेडिएशनचा परिणाम असेल तर कदाचित उपचार उत्तम काम करतोय. तेव्हा औषध बंद करणं म्हणजे चालू असलेली चांगली गोष्ट हाताने थांबवणं. त्याहून वाईट म्हणजे गरज नसताना कवटी पुन्हा उघडणं. आमच्या भाषेत सांगायचं तर फॉल्स पॉझिटिव्ह आणि फॉल्स निगेटिव्ह, दोन्ही महाग आहेत.

०३:१० – आधी उपचार थोडक्यात

मेंदूच्या गाठी अनेक प्रकारच्या असतात. आज आपण मुख्यतः ग्लिओब्लास्टोमाबद्दल बोलू. मोठ्या माणसांमध्ये मेंदूतच सुरू होणाऱ्या घातक गाठींमध्ये ही सर्वात जास्त आढळते. हिचा उपचार २००५ साली बऱ्यापैकी ठरला. युरोप आणि कॅनडातल्या ५७३ रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली होती. एका गटाला फक्त रेडिएशन, दुसऱ्याला रेडिएशन आणि बरोबर टेमोझोलोमाइड नावाची केमोची गोळी. रेडिएशनचा डोस ६० ग्रे, तो ३० भागांत वाटून. दोन वर्षांनंतर फक्त रेडिएशनवाल्या गटातले साधारण १० टक्के लोक हयात होते, गोळीवाल्या गटातले साधारण २६ टक्के. तेव्हापासून जगभर हाच पाया आहे. रेडिएशन आणि गोळी एकत्र, त्यानंतर महिन्याला पाच दिवस गोळी अशी सहा आवर्तनं.

आकडे कठोर आहेत, मला माहितीय. पण ते यासाठी सांगितले की या आजारात दोन-तीन महिने ही किती मोठी गोष्ट आहे हे लक्षात यावं. चुकीच्या वाचनामुळे गेलेले तीन महिने परत मिळत नाहीत.

गंमत अशी, की रेडिएशनबरोबर गोळी सुरू झाल्यावर डॉक्टरांना एक विचित्र गोष्ट जास्त दिसू लागली. पहिल्या एमआरआयमध्ये डाग वाढलेला, पण रुग्ण ठीक. औषध न बदलता पुढचा एमआरआय काढला तर डाग आपोआप लहान झालेला!

०६:०० – डाय नक्की काय दाखवतो?

हे समजून घ्यायचं तर एक मूळ गोष्ट नीट पकडायला हवी. एमआरआयच्या वेळी हातातून जो डाय टाकतात, त्यात गॅडोलिनियम नावाचा धातू एका रेणूत बांधून घातलेला असतो. तो जिथे साठतो तो भाग पांढरा चमकतो. आपण समजतो की पांढरं म्हणजे गाठ. तसं नाहीये. पांढरं म्हणजे ‘इथे डाय रक्तवाहिनीतून बाहेर झिरपला’, इतकंच.

मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती शरीरातल्या इतर वाहिन्यांपेक्षा फार घट्ट असतात. याला ब्लड-ब्रेन बॅरियर म्हणतात. सोसायटीच्या गेटवरचा कडक वॉचमन समजा. ओळखपत्राशिवाय आत प्रवेश नाही. गॅडोलिनियमचा रेणू त्याला ओळखीचा नाही, म्हणून निरोगी मेंदूत तो वाहिनीतच राहतो आणि निघून जातो. घातक गाठ मात्र घाईघाईत स्वतःच्या नव्या वाहिन्या उभारते. त्यांच्या भिंती कच्च्या असतात, गेट मोडकं असतं. डाय झिरपतो, डाग चमकतो.

पण गेट मोडायला चोरच लागतो असं थोडंच आहे? रेडिएशनही वाहिन्यांच्या आतल्या पेशींना इजा करतं. तिथे दाह होतो, सूज येते, मेलेल्या पेशींचा कचरा उचलायला शरीराच्या पेशी धावतात. म्हणजे गेट याही वेळी मोडलेलं, डाय याही वेळी झिरपतो, आणि फोटोत दोन्ही सारखेच दिसतात.

डेटावर काम करणाऱ्या दोस्तांना हे लगेच कळेल: कॉन्ट्रास्ट ही प्रॉक्सी मेट्रिक आहे. आपल्याला मोजायच्यात जिवंत कर्कपेशी, आणि मोजतोय गळती. रेडिएशनच्या आधी या दोन गोष्टी बऱ्यापैकी बरोबर चालतात, म्हणून प्रॉक्सी चालून जाते. रेडिएशननंतर त्यांची साथ सुटते.

०९:१५ – दोन नावं, आणि एक उलटा प्रकार

रिपोर्टमध्ये दोन शब्द भेटतात. पहिला स्यूडोप्रोग्रेशन, म्हणजे आभासी वाढ. हा सहसा रेडिएशन संपल्यावर पहिल्या तीन महिन्यांत दिसतो, कधी सहा महिन्यांपर्यंतही. उपचार न बदलता तो हळूहळू निवळतो किंवा स्थिर होतो. ज्यांच्या गाठीत एमजीएमटी नावाच्या जनुकाचा प्रमोटर ‘मिथायलेटेड’ असतो, त्यांच्यात हा जास्त आढळतो. एमजीएमटीचं प्रथिन टेमोझोलोमाइडने केलेलं नुकसान दुरुस्त करतं. मिथायलेशनमुळे ते जनुक बंद पडलं की दुरुस्ती होत नाही आणि गोळीचा वार जोरात लागतो. म्हणजे याच रुग्णांना उपचाराचा फायदा जास्त, आणि यांचाच एमआरआय सुरुवातीला जास्त भीतीदायक दिसू शकतो.

दुसरा शब्द रेडिएशन नेक्रोसिस. हा उशिरा येतो, सहसा सहा महिन्यांनंतर, कधी दोन वर्षांनी किंवा त्याहूनही उशिरा. यात रेडिएशन मिळालेला ऊतीचा भाग खरोखर मरतो. मरणाऱ्या भागात ऑक्सिजन कमी पडतो, तिथून व्हीईजीएफ नावाचा संदेश सुटतो, त्याने पुन्हा कच्च्या, गळक्या वाहिन्या तयार होतात आणि सूज वाढते. हे आपोआप निवळेलच असं नाही. त्यामुळे डोकेदुखी, हातापायात कमजोरी असा खरा त्रास होऊ शकतो आणि उपचार करावा लागतो. आधी स्टेरॉइड, काहींना बेव्हासिझुमॅब, जे याच व्हीईजीएफला अडवतं, आणि क्वचित ऑपरेशन. आणि हे फक्त ग्लिओब्लास्टोमात घडतं असं नाही. फुप्फुसाचा किंवा स्तनाचा कॅन्सर मेंदूत पसरला आणि त्या गाठीवर गॅमा नाइफ किंवा सायबर नाइफने एकदम मोठा डोस दिला, तर काही महिन्यांनी हाच प्रश्न उभा राहतो.

आता उलटा प्रकार. बेव्हासिझुमॅब दिलं की गळती झपाट्याने थांबते आणि एक-दोन दिवसांतही डाग फिका पडू शकतो. कर्कपेशी मात्र तिथेच असू शकतात. याला स्यूडोरिस्पॉन्स म्हणतात, म्हणजे आभासी सुधारणा. स्टेरॉइडचंही थोडं असंच आहे. म्हणून ‘डाग लहान झाला’ ही बातमीसुद्धा ‘कोणतं औषध चालू असताना?’ हे विचारल्याशिवाय पूर्ण होत नाही.

१२:३० – प्रश्न बदला: परफ्यूजन

एका मेट्रिकवर भरवसा नसला की आपण काय करतो? वेगळ्या जागी सेन्सर लावतो. ‘गळती आहे का’ हा प्रश्न सोडून ‘इथे रक्तवाहिन्या किती आहेत’ असं विचारायचं. हे परफ्यूजन एमआरआय.

जी पद्धत सर्वात जास्त वापरतात तिचं नाव डीएससी. डाय पंपाने झटकन सोडतात, सेकंदाला काही मिलिलिटर या वेगाने. तो मेंदूतून पहिल्यांदा धावत जात असताना मशीन साधारण दर दीड सेकंदाला पूर्ण मेंदूचा फोटो काढतं. इथे एक मजा आहे. या प्रकारच्या फोटोत डाय चमकत नाही, उलट तो जिथून जातो तिथला सिग्नल खाली पडतो. प्रत्येक ठिकाणी सिग्नल किती आणि किती वेळ पडला याचा आलेख काढला की त्या ठिकाणी रक्त किती मावतं याचा अंदाज येतो. हा आकडा म्हणजे सेरेब्रल ब्लड व्हॉल्यूम. मग त्याची तुलना त्याच माणसाच्या मेंदूतल्या दुसऱ्या बाजूच्या निरोगी पांढऱ्या भागाशी करतात. गुणोत्तर चांगलंच जास्त असेल तर तिथे नव्या वाहिन्यांचं दाट जाळं आहे, म्हणजे जिवंत गाठीची शक्यता जास्त. गुणोत्तर कमी असेल तर तो भाग बहुधा मेलेला किंवा सुजलेला आहे.

ऐकायला साफ वाटतं. अडचणी आहेतच. डाय वाहिनीतून झिरपला तर गणितच बिघडतं, कारण आपण धरून चालतो की तो आतच राहिला. म्हणून काही ठिकाणी थोडा डाय आधी देऊन ठेवतात आणि नंतर सॉफ्टवेअरमध्ये गळतीची दुरुस्ती करतात. जुनं साकळलेलं रक्त, ऑपरेशनच्या वेळी बसवलेली धातूची पट्टी, नाकाजवळच्या हवेच्या पोकळ्या, यांच्याजवळ चित्र फाटतं. आणि ‘इतक्याच्या वर म्हणजे गाठ’ अशी एकच रेषा जगभर नाही. मशीन, पद्धत आणि सॉफ्टवेअर बदललं की आकडा बदलतो.

याचे दोन भाऊ आहेत. डीसीई या पद्धतीत डाय किती वेगाने झिरपतो ते मोजतात. एएसएलमध्ये डाय लागतच नाही. मानेतून वर चढणाऱ्या रक्तातल्या पाण्यावरच मशीन चुंबकीय खूण करतं आणि ते मेंदूत कुठे पोहोचलं ते बघतं. किडनी कमजोर असलेल्यांसाठी ही सोय.

१६:४० – पाणी आणि रसायनं

दुसरा सेन्सर म्हणजे डिफ्यूजन. यात पाण्याचे रेणू किती मोकळेपणाने हलतात ते बघतात. चर्चगेट लोकलमध्ये सकाळी साडेआठला तुम्ही इकडून तिकडे जाऊ शकता का? नाही. दुपारी दीडला आरामात. घातक गाठीत पेशी खच्चून भरलेल्या असतात, त्यामुळे पाणी अडकतं आणि एडीसी नावाचा आकडा कमी येतो. पेशी मेल्या, सूज आली की जागा मोकळी होते, आकडा वाढतो. पण पू झाला किंवा ताजा स्ट्रोक असला तरी एडीसी कमी येतो. म्हणून याच्या एकट्याच्या साक्षीवर निकाल देत नाहीत.

तिसरा, स्पेक्ट्रोस्कोपी. मशीन तेच, पण फोटोऐवजी रसायनांचा आलेख मिळतो. तीन नावं लक्षात ठेवा. एनएए हे निरोगी चेतापेशींचं रसायन. कोलीन पेशींच्या आवरणाशी संबंधित, पेशी भराभर वाढत आणि तुटत असतील तर त्याचा सुळका उंच होतो. आणि लिपिड-लॅक्टेट, हे ऊती मेल्याची खूण. गाठीत कोलीन वर आणि एनएए खाली. शुद्ध नेक्रोसिसमध्ये सगळंच खाली आणि लिपिड-लॅक्टेटचा सुळका मोठा. मर्यादा म्हणजे एका मोजमापासाठी साधारण एक घन सेंटिमीटर किंवा त्याहून मोठा तुकडा लागतो. त्या तुकड्यात अर्धी गाठ आणि अर्धी मेलेली ऊती असेल तर दोघांची खिचडी मिळते.

१९:५० – पेट स्कॅन: सगळे पेट सारखे नसतात

पेट स्कॅन बऱ्याच जणांना माहीत असतो. यात किरणोत्सर्गी खूण लावलेली साखर टोचतात, कॅन्सर साखर जास्त खातो, म्हणून तो दिसतो. ही साखर म्हणजे एफडीजी. शरीरात इतरत्र हे छान चालतं. मेंदूत गोची होते. मेंदू वजनाने शरीराच्या साधारण २ टक्के, पण ऊर्जा खातो जवळपास २० टक्के. म्हणजे निरोगी मेंदूच साखरेने झगमगत असतो. दिवाळीत लक्ष्मी रोडवर एक पणती शोधायची असं काहीसं.

उपाय काय? साखरेऐवजी अमिनो आम्लाला खूण लावायची. निरोगी मेंदू ती फार उचलत नाही, कर्कपेशी उचलतात, कारण त्यांना प्रथिनं बनवायची असतात आणि त्यांच्या आवरणावर ही आम्लं आत घेणारे दरवाजे जास्त असतात. महत्त्वाचं म्हणजे ही आम्लं त्या वॉचमनच्या ओळखीची आहेत. गेट शाबूत असलं तरी ती आत जातात. म्हणजे गळतीच्या प्रश्नातून आपण बऱ्यापैकी सुटलो. मेथिओनीन, एफईटी आणि एफडोपा ही यातली तीन ओळखीची नावं. मेंदूच्या गाठींसाठी निकष ठरवणाऱ्या रानो या आंतरराष्ट्रीय गटाने २०१६ साली न्यूरो-ऑन्कॉलॉजीत अमिनो आम्ल पेट वापरण्याची शिफारस केली. तरी हाही देव नाही. दाह किंवा नुकतीच आलेली फिट यामुळे खोटा उजेड दिसू शकतो आणि फार लहान डाग सुटू शकतो.

मग हे सगळीकडे का करत नाहीत? उत्तर अर्धायुष्यात आहे. मेथिओनीनला लावलेला कार्बन-११ दर २० मिनिटांनी निम्मा होतो. एफईटी आणि एफडोपामधला फ्लोरिन-१८ साधारण ११० मिनिटांनी. आता हिशोब करा. ट्रेसर मुंबईत बनवला आणि एक्स्प्रेस वेवरून पुण्याला न्यायला दारापासून दारापर्यंत तीन तास लागले. फ्लोरिनवाला साधारण एक तृतीयांश शिल्लक राहील, म्हणजे जास्त भरून पाठवला तर भागतं. कार्बनवाल्याची नऊ अर्धायुष्यं संपलेली असतील, ५१२ मधला एक भाग उरेल. म्हणून मेथिओनीन त्याच इस्पितळात शक्य, जिथे सायक्लोट्रॉन आवारातच आहे. भारतातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ साली परळलाच सुरू झाला, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये. म्हणून ‘पेट काढा’ असं कुणी सांगितलं तर साधा प्रश्न विचारा: कोणत्या ट्रेसरचा? साखरेचा की अमिनो आम्लाचा?

२४:१० – मग बायोप्सीच का करत नाहीत?

हा प्रश्न येणारच. तुकडा काढा, सूक्ष्मदर्शकाखाली बघा, विषय संपला. पण विषय तिथेही संपत नाही. रेडिएशननंतरचा डाग बहुतेकदा मिश्र असतो. एका कोपऱ्यात जिवंत कर्कपेशी, शेजारी मेलेली ऊती, मध्ये दाह. सुई ज्या कोपऱ्यात गेली तिथलंच उत्तर मिळतं. शिवाय मेंदूत सुई घालण्यात रक्तस्रावाचा धोका आहे आणि काही जागा अशा की हात लावणंच कठीण.

इथे मघाचे सेन्सर वेगळ्या कामाला येतात. परफ्यूजनमध्ये किंवा पेटमध्ये जो ठिपका सर्वात तापलेला दिसतो, तिथेच सुई न्यायची. म्हणजे स्कॅनने बायोप्सीची जागा घेतली नाही, पण बायोप्सीला पत्ता दिला.

आणि खरं सांगायचं तर ‘गाठ की रेडिएशनचा परिणाम’ हा प्रश्नच जरा चुकीचा आहे. बऱ्याचदा दोन्ही असतं. डॉक्टरांना ठरवायचं असतं की या घडीला जोर कशाचा आहे, आणि त्यावरून आज काय करायचं.

२६:३० – वेळ नावाचा सेन्सर

एवढ्या महागड्या यंत्रांच्या यादीत एक फुकटचं साधन राहून जातं: थोडं थांबणं आणि पुन्हा बघणं.

१९९० सालचे मॅकडोनाल्ड निकष मुख्यतः चमकणाऱ्या भागाचं माप घेत. लांबी गुणिले रुंदी २५ टक्क्यांनी वाढली की आजार वाढला असं धरायचं. आभासी वाढ लक्षात आल्यावर २०१० मध्ये रानो निकष आले. त्यांनी एक महत्त्वाचा नियम घातला. रेडिएशन संपल्यापासून पहिल्या १२ आठवड्यांत फक्त डाग मोठा दिसला म्हणून आजार वाढला असं जाहीर करायचं नाही. नवा डाग रेडिएशन दिलेल्या भागाच्या बाहेर हवा, किंवा बायोप्सीत पुरावा हवा. २०२३ मध्ये हे निकष पुन्हा सुधारले, त्यांना रानो २.० म्हणतात. त्यात तुलनेची सुरुवात ऑपरेशननंतरच्या एमआरआयपासून न करता रेडिएशन संपल्यावर साधारण चार आठवड्यांनी काढलेल्या एमआरआयपासून करा असं सांगितलं. आणि पहिल्या १२ आठवड्यांत वाढ दिसली तर पुन्हा स्कॅन करून खात्री करा.

हा नियम मला फार आवडतो. डिप्लॉयमेंट झाल्या झाल्या ग्राफ हलणारच, म्हणून बेसलाइन डिप्लॉयमेंटनंतरची घ्या. आपल्याकडे कुणी टीम लीडने हे सांगितलं असतं तर आपण मान डोलावली असती.

पण थांबणं म्हणजे हातावर हात ठेवणं नाही. रुग्णाची तब्येत उतरत असेल, नवी कमजोरी येत असेल, स्टेरॉइड वाढवूनही त्रास जात नसेल, तर चार-आठ आठवडे वाट बघण्याची चैन नसते. तेव्हा वरच्या तपासण्या लवकर कराव्या लागतात. म्हणजे सर्वात आधी बघायचा सेन्सर समोर बसलेला माणूस. तो कसा चालतोय, बोलताना अडखळतोय का, वाचतोय का.

२९:४० – एआय हे सोडवेल का?

माझ्या क्षेत्राचा प्रश्न, त्यामुळे थोडं बोलतोच. मेंदूच्या गाठींच्या एमआरआयवर मॉडेल्सची एक जाहीर स्पर्धा आहे, ब्रॅट्स. २०१२ पासून सुरू आहे. बरीच वर्षं त्यात मुख्यतः उपचाराआधीचे स्कॅन होते. २०२४ मध्ये उपचारानंतरच्या ग्लिओमासाठी वेगळा विभाग आला. त्यात मॉडेलने स्कॅनमधले भाग रंगवून दाखवायचे असतात. आता लेबलं बघा. ऑपरेशनने झालेली पोकळी हे वेगळं लेबल आहे. आणि चमकणाऱ्या भागाला नाव दिलंय ‘एन्हान्सिंग टिश्यू’, म्हणजे डाय घेणारी ऊती. ‘गाठ’ असं नाव दिलेलं नाही. लेबल लावणाऱ्यांनीही मान्य केलंय की निव्वळ चित्र बघून ती गाठ आहे का हे सांगता येत नाही.

मॉडेल शिकतं ते लेबलवरून. इथे खात्रीचं लेबल मिळवायला बायोप्सी किंवा कित्येक महिन्यांचे पुढचे स्कॅन लागतात, आणि बायोप्सीसुद्धा एका कोपऱ्याचीच. शिवाय एका इस्पितळाच्या मशीनवर शिकलेलं मॉडेल दुसऱ्या मशीनवर गडबडू शकतं. आज एआयचा खरा उपयोग मोजमापात आहे: दोन तारखांचे स्कॅन एकमेकांवर बसवणं, डागाचं घनफळ मोजणं, डोळ्याला न दिसणारा फरक पुढे आणणं. रिपोर्टचा फोटो चॅटबॉटला टाकून ‘वाढलंय का सांग’ विचारणाऱ्यांनी लक्षात ठेवा, त्याच्याकडे ना जुने स्कॅन आहेत, ना रेडिएशनचा नकाशा, ना स्टेरॉइडचा डोस.

३३:०० – घरच्यांनी काय करायचं?

हा भाग स्क्रीनशॉट काढून ठेवा.

१. प्रत्येक स्कॅनची सीडी किंवा डायकॉम फाइल जपून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फिल्मचा फोटो उपयोगाचा नाही. परफ्यूजनचा आकडा फोटोतून पुन्हा काढता येत नाही, मूळ फाइलमधून येतो.

२. एका कागदावर तारखा लिहा: ऑपरेशन, रेडिएशनचा पहिला आणि शेवटचा दिवस, केमोची आवर्तनं. रेडिएशन संपून किती आठवडे झाले, यावरच अर्धा अर्थ अवलंबून असतो. रिपोर्ट लिहिणाऱ्या रेडिओलॉजिस्टकडे ही माहिती नसेल तर त्यांचा नाइलाज होतो.

३. रेडिएशनचा प्लॅन मागून घ्या. डाग जास्त डोसच्या भागात आहे की बाहेर, हे त्यावरून कळतं.

४. स्कॅनच्या दिवशी स्टेरॉइडचा डोस किती होता ते लिहून ठेवा. आणि स्कॅन ‘साफ’ यावा किंवा ‘खरा’ यावा म्हणून गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. स्टेरॉइड अचानक थांबवणं धोक्याचं आहे.

५. शक्य असेल तर पुढचे एमआरआय त्याच सेंटरला, त्याच पद्धतीने. स्वस्त पडतं म्हणून दरवेळी वेगळं सेंटर धरलं तर तुलना कच्ची होते.

६. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न: एमजीएमटीचा रिपोर्ट काय आहे? परफ्यूजन झालंय का, नसेल तर उपयोग होईल का? अमिनो आम्ल पेटचा इथे काही फायदा आहे का? आपण वाट बघत असू तर पुढचा स्कॅन कधी, आणि त्याआधी कोणती लक्षणं दिसली तर लगेच यायचं?

७. जमलं तर ट्यूमर बोर्डाबद्दल विचारा. परळच्या टाटा मेमोरियलसारख्या मोठ्या केंद्रांत सर्जन, रेडिएशनवाले, केमोवाले, रेडिओलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसून केस बघतात. असा प्रश्न एका डोळ्याने सुटणारा नाही, त्यासाठीच ही बैठक असते.

३६:२० – जाता जाता

रिपोर्टमधला ‘किंवा’ बघून अनेकांना वाटतं की डॉक्टर टाळाटाळ करतायत. उलट आहे. त्या एका चित्रातून जेवढं कळतं तेवढंच त्यांनी लिहिलंय. पुढचं उत्तर वाहिन्यांचं जाळं, पाण्याची हालचाल, रसायनं, अमिनो आम्लं, वेळ आणि समोरचा माणूस या सगळ्यांच्या साक्षीतून हळूहळू बनतं. कधी ते चांगलं असतं, कधी नसतं. पण ‘मोठा दिसतोय’ एवढ्यावरच रात्री अकरा वाजता फॅमिली ग्रुपमध्ये निकाल लावून टाकायची गरज नाही.

तुमच्या ओळखीत कुणी या टप्प्यावर असेल तर हा भाग त्यांच्यापर्यंत पोहोचवा. फॉरवर्ड केलात तर सोबत वरची सात कलमं वेगळी कॉपी करून पाठवा, कारण इस्पितळाच्या रांगेत कुणी चाळीस मिनिटांचा भाग ऐकत बसत नाही. पुढच्या वेळी भेटू. तोवर स्वतःची आणि घरच्यांची काळजी घ्या.